वसंताच्या सुरुवातीला लाईट ट्रॅप लावताय? मग मॉथच्या नोंदी अशा ठेवा

थंड हवामानाच्या प्रदेशात फेब्रुवारी संपत आला की लाईट ट्रॅपवाल्यांचे, म्हणजे रात्री दिव्याच्या सापळ्यात मॉथ (पतंग) पकडून मोजणाऱ्यांचे, हात शिवशिवायला लागतात, पण बरेच जण म्हणतात की आत्ता काय मिळणार, मे-जूनमध्ये बघू. माझं मत नेमकं उलटं आहे. नोंदी ठेवायला शिकायचं असेल तर हाच काळ बेस्ट, कारण उन्हाळ्यातल्या एखाद्या उबदार रात्री शेकडो मॉथ येऊन बसतात आणि नवा माणूस निम्म्यातच हात टेकतो, आणि आत्ता पाच-सहा जातींचे मिळून वीस-पंचवीस मॉथ, तेही गारठ्याने सुस्त झालेले, म्हणजे प्रत्येकाकडे नीट बघायला वेळच वेळ. आणि कितीतरी रात्री ट्रॅप रिकामाच निघतो, त्याचीही नोंद करायची असते, त्यावर पुढे येतोच.

उदाहरणं मी बहुतेक ब्रिटन आणि युरोपातली घेतलीयेत कारण तिथे या नोंदींची परंपरा जुनी आहे. पद्धत मात्र कुठेही चालते, दक्षिण गोलार्धात असाल तर मार्चच्या जागी सप्टेंबर वाचा.

आधी ट्रॅप कुठला

मुळात मॉथ उजेडाकडे का येतात यावर वर्षानुवर्षं वाद होता. 2024 मध्ये नेचर कम्युनिकेशन्समध्ये आलेल्या अभ्यासात हायस्पीड कॅमेऱ्याने दाखवलं की उडणारे कीटक आपली पाठ उजेडाकडे वळवतात, एरवी वर आकाश जास्त उजळ असतं म्हणून त्यांना वर-खाली कळतं, पण बाजूला दिवा असला की ते त्याच्याभोवती गरगरत अडकतात. ट्रॅपचं सगळं तंत्र या गरगरण्यावर उभं आहे, गरगरता गरगरता मॉथ फनेलमधून किंवा फटीतून खाली पडतो आणि आत ठेवलेल्या कोंबडीच्या अंड्यांच्या पुठ्ठ्याच्या ट्रेच्या खळग्यात जाऊन बसतो.

तीन प्रकार जास्त वापरले जातात. रॉबिन्सन ट्रॅप गोल टबासारखा असतो, त्यावर फनेल आणि सहसा 125 वॅटचा मर्क्युरी व्हेपर बल्ब, आत गेलेला मॉथ सहजासहजी बाहेर येत नाही. स्किनर ट्रॅप म्हणजे चौकोनी खोकं, वर दोन तिरक्या पारदर्शक शीट आणि मधे फट. बनवायला सोपा, रात्रीत उघडून बघायला सोपा, पण त्यातून मॉथ निसटतातही. हीथ ट्रॅप छोटा, सुटा होणारा, ऍक्टिनिक म्हणजे निळसर-अतिनील उजेडाची ट्यूब आणि 12 व्होल्टची बॅटरी, म्हणजे वीज नसलेल्या जंगलात न्यायला हाच.

थंडीत दोन गोष्टी मुद्दाम लक्षात ठेवा. लेड-ऍसिड बॅटरीची क्षमता गारठ्यात कमी होते, म्हणजे जुलैमध्ये पहाटेपर्यंत चालणारी बॅटरी मार्चमध्ये मध्यरात्रीनंतर मान टाकू शकते, त्यात रात्रही मोठी असते. आणि ट्यूबचा उजेडही कमी तापमानात थोडा मंदावतो. म्हणून सकाळी पहिलं काम, दिवा अजून चालू आहे का ते बघायचं आणि वहीत लिहायचं. दिवा रात्रीतच विझला असेल तर त्या रात्रीचा आकडा पूर्ण रात्रीचा नाही, आणि हे लिहिलं नाही तर पुढच्या वर्षी तुम्हीच त्या आकड्यावरून भलतीच अनुमानं काढाल.

मर्क्युरी व्हेपर वापरणार असाल तर सांभाळून. त्याला चोक लागतो, तापायला काही मिनिटं लागतात, आणि एकदा बंद केला की गार झाल्याशिवाय परत पेटत नाही. तापलेल्या काचेवर पावसाचा थेंब पडला तर बल्ब तडकू शकतो म्हणून वर झाकण किंवा उष्णतेला टिकणारं काचेचं भांडं हवंच, आणि बाहेरची काच फुटलेली असताना आतला भाग पेटत राहिला तर घातक अतिनील किरण बाहेर येतात, तेव्हा लगेच प्लग काढायचा. दिव्याकडे टक लावून बघायचं नाही. बाहेर ओलाव्यात विजेचं कनेक्शन घेताय तर गळती झाल्यावर आपोआप तुटणारा ब्रेकर लावा, यात कंजूषी नको. शेजारी वैतागत असतील तर ऍक्टिनिक नाहीतर अतिनील एलईडी लावा, मॉथ कमी येतील पण शेजारी बोलत राहतील.

एक मात्र पाळा, कुठलाही ट्रॅप घ्या पण सीझनभर तोच, त्याच दिव्याने, त्याच जागी. दर आठवड्याला दिवा बदलला तर मॉथ वाढले की वॅट वाढले हे कोणालाच सांगता येणार नाही. ब्रिटनमधल्या रोथमस्टेड संशोधन संस्थेच्या कीटक सर्वेक्षणात 1960 च्या दशकापासून स्वयंसेवक एकाच साच्याचे ट्रॅप चालवतायत, 200 वॅटचा साधा टंगस्टन बल्ब, जो मॉथ खेचण्यात मर्क्युरीच्या जवळपासही नाही, तरी त्या आकड्यांना वजन आहे कारण पद्धत बदलली नाही.

कुठली रात्र

ढगाळ, कमी वाऱ्याची, दिवेलागणीला साधारण 8-10 अंश असलेली रात्र मिळाली तर सोडू नका. ढगांमुळे जमिनीची ऊब टिकते आणि चंद्रही झाकला जातो. निरभ्र आकाश, पौर्णिमा आणि पहाटे दव गोठून दहिवर पडणार असा अंदाज, अशा रात्री ट्रॅपमध्ये फार काही नसतं. हलका पाऊस चालतो, जोराचा वारा नाही चालत.

पण इथेच एक फसगत आहे. फक्त चांगल्या रात्री निवडून ट्रॅप लावला तर यादी छान दिसते, पण नोंद म्हणून ती लंगडी, कारण तुम्ही मॉथ नाही, हवामान निवडलंत. त्यामुळे आठवड्यातली एक रात्र ठरवून टाका, काहीही झालं तरी ती रात्र, फारच वादळ असेल तर एक दिवस मागे-पुढे, आणि त्याशिवाय चांगल्या हवेच्या रात्री हौसेने लावा. ब्रिटनमधल्या गार्डन मॉथ स्कीमची पद्धत अशीच आहे, मार्चपासून नोव्हेंबरपर्यंत आठवड्याला एक रात्र, तोच ट्रॅप, तीच बाग, आणि काही आलं नाही तरी शून्य लिहायचं. वहीत ठरलेली रात्र आणि हौसेची रात्र यांना वेगळी खूण करा, मी नुसतं ठ आणि ह लिहितो.

लावताना

सूर्यास्ताच्या आधी ट्रॅप मांडून ठेवा. झुडपांच्या कडेला, वाऱ्यापासून आडोशाला, पण दिवा पूर्ण झाकला जाईल इतकं आत नको. खाली आणि आजूबाजूला पांढरी चादर अंथरली तर बाहेर बसलेले मॉथ पायाखाली येत नाहीत. अंड्यांचे ट्रे कोरडे घ्या, वसंतात आत दव साठतं आणि ओल्या लगद्यावर मॉथचे पंख चिकटतात, म्हणून दोन जोड ठेवून एक वाळवत ठेवायचा. टायमर वापरत असाल तर सूर्यास्त दर आठवड्याला पुढे सरकतोय हे विसरू नका, आणि मार्चअखेर युरोपात घड्याळं एक तास पुढे जातात, तेव्हा टायमर तसाच राहिला तर सगळी गडबड. उजेडावर चालणारा सेन्सर स्विच असेल तर ही कटकटच नाही.

अंधार पडल्यावर पहिल्या दीड-दोन तासांत एक चक्कर मारा. या दिवसांत उडणाऱ्या बऱ्याच जाती लवकर येतात आणि हवा गार झाली की थांबतात, काही तर ट्रॅपमध्ये न शिरता भिंतीवर बसून निघून जातात. आणि जवळ सॅलो किंवा दुसरा कुठला विलो फुलला असेल तर टॉर्च घेऊन त्याचे तुरे बघाच, ऑर्थोसिया वंशाचे मॉथ त्या मधावर तुटून पडतात. मात्र हे आकडे ट्रॅपच्या आकड्यांत मिसळायचे नाहीत. पद्धतीचा रकाना वेगळा, तिथे "तुऱ्यांवर टॉर्च" असं स्पष्ट लिहायचं.

टॉर्च हातात आहेच तर झाडांची खोडंही बघा. डॉटेड बॉर्डर, मार्च मॉथ, पेल ब्रिंडल्ड ब्युटी, यांच्या माद्यांना पंख नसतात किंवा नुसते खुंट असतात, त्या उडून दिव्यापर्यंत येणारच नाहीत, खोडावर चढताना दिसतात. म्हणजे ट्रॅपमध्ये या जातींचे फक्त नर मिळतात. कोणी पंचवीस नर बघून "माद्या घटल्या" म्हणायला लागलं तर त्याला हे सांगा.

सकाळी

उजाडायच्या आत पोचायचं, यात सूट नाही. पक्ष्यांना ट्रॅपची सवय फार पटकन लागते, एक रॉबिन रोज सकाळी तुमच्या आधी हजर राहून नाश्ता उरकून जातो आणि तुमचा आकडा तितक्याने कमी. उशीर होणार असेल तर पहाटे कधीतरी जाऊन ट्रॅप सावलीत हलवा आणि फटीवर कापड टाका.

आधी बाहेरचं मोजा. भिंत, चादर, गवत, ट्रॅपची बाहेरची बाजू. मग वरची शीट, मग एकेक ट्रे. ट्रे उचलताना हळू, उलटा करून खालची बाजू बघा, बरेच जण तिथेच लपलेले असतात. वहीत प्रत्येक जातीसमोर काड्या मारत जा, चार उभ्या एक आडवी, आणि बेरीज शेवटी. डोक्यात आकडे ठेवायचे नाहीत, हिब्रू कॅरेक्टर जातीचे मॉथ सतरा झाले की अठरा यात माणूस हमखास अडकतो. जे लगेच ओळखता येत नाहीत ते छोट्या पारदर्शक डब्यांत, एका डबीत एकच, आणि डब्या सावलीत.

मॉथबरोबर इतरही मंडळी येतात, कॅडिसफ्लाय, केशरी रंगाच्या इक्न्युमॉन गांधीलमाश्या, भुंगेरे. वेळ असेल तर त्यांचीही नोंद करा, नसेल तर निदान सोडून तरी द्या.

ओळख पटवणं, जिथे खरा वेळ जातो

वसंताच्या सुरुवातीला तपकिरी-राखाडी ऑर्थोसिया मंडळी बहुमतात. नव्या माणसाला सगळे सारखेच दिसतात, पण आठवडाभरात डोळा तयार होतो.

हिब्रू कॅरेक्टरपासून सुरुवात करा. पुढच्या पंखाच्या मध्यावर ठसठशीत काळी खूण, त्यात वरून खाच घेतलेली. तशीच खूण असलेला सेटेशियस हिब्रू कॅरेक्टर नावाचा दुसरा मॉथ आहे, पण तो मेच्या आसपास यायला लागतो, म्हणजे मार्चमध्ये तारीखच निम्मं काम करते. कॉमन क्वेकर त्याच्या पुढचा, पंखाची टोकं गोलसर, पंखावर एक गोल आणि एक मूत्रपिंडाच्या आकाराचा ठिपका, दोन्हींना फिकट किनार. स्मॉल क्वेकर त्याच्याहून लहान, पुढचा पंख साधारण 12 ते 14 मिलिमीटर आणि कॉमनचा 13 ते 17, म्हणजे मधला पट्टा दोघांचाही आहे, त्यामुळे नुसत्या मापावर निर्णय नको, ठिपक्यांची किनारही बघा. ट्विन-स्पॉटेड क्वेकरला पंखाच्या कडेजवळ दोन काळे ठिपके शेजारी शेजारी असतात, ते दिसले की विषय संपला, पण काहींमध्ये ते पुसट असतात.

क्लाउडेड ड्रॅब मात्र त्रास देतो. फिकट राखाडीपासून जवळपास काळ्यापर्यंत कुठल्याही छटेत येतो आणि "हा नवा काहीतरी दिसतोय" असं वाटून डबीत घातलेल्यांपैकी बरेचसे शेवटी क्लाउडेड ड्रॅबच निघतात. त्याचा पंख लांबट आणि टोकदार. लेड-कलर्ड ड्रॅबशी गल्लत होते, पण लेड-कलर्डच्या पंखाचं टोक गोलसर आणि नराच्या मिशा पिसासारख्या, म्हणून शंका आली की भिंग घेऊन मिशा बघायच्या.

चेस्टनट आणि सॅटेलाइट हे दोघे शरद ऋतूत कोषातून निघून अख्खी थंडी प्रौढ अवस्थेतच काढतात, त्यामुळे मार्चमध्ये येतात तेव्हा पंख झिजलेले असतात. झिजलेला आणि ताजा अशी एक खूण नोंदीत ठेवलीत तर नंतर फार कामाला येते, कारण नुकत्याच निघालेल्या जाती आणि थंडी काढलेल्या जाती लगेच वेगळ्या दिसतात. अशाच हिवाळी मॉथवर जीवशास्त्रज्ञ बर्न्ड हाइनरिख यांनी अमेरिकेत काम केलं, हवा शून्याच्या आसपास असतानाही हे मॉथ स्नायू थरथरवून छातीचं तापमान 30 अंशांच्या घरात नेतात आणि मगच उडतात. सकाळी हातावर घेतलेला मॉथ थरथरायला लागला तर तो आजारी नाहीये, इंजिन तापवतोय. जरा वेळ द्या.

मार्च मॉथ बसताना एक पंख दुसऱ्यावर चढवून ठेवतो, त्यामुळे अरुंद दिसतो आणि लांबूनही ओळखू येतो. डॉटेड बॉर्डरच्या पुढच्या आणि मागच्या, दोन्ही पंखांच्या कडेला ठिपक्यांची रांग असते. ओक ब्युटी आला तर दिवस बरा जातो, जाड केसाळ अंग, राखाडीवर तपकिरी पट्टे. पेल ब्रिंडल्ड ब्युटीचं मोनाकॅरिया नावाचं काळपट रूपही येतं, तेव्हा जात लिहून थांबायचं नाही, रूपही लिहायचं. आणि छोट्या मायक्रो मॉथना बघितलंच नाही असं करू नका, डायर्निया फॅजेला या दिवसांत नियमित येतो आणि ओळखायलाही अवघड नाही.

जिथे खात्री नाही तिथे फोटो. एक बरोबर वरून, एक बाजूने, जमलं तर मागचा पंख दिसेल असा, आणि शेजारी मिलिमीटरची पट्टी. फ्लॅशने रंग बिघडतात, सावलीतला दिवसाचा उजेड सगळ्यात चांगला. फोटोवरून जात सुचवणारी ऍप वापरा, मीही वापरतो, पण त्याने सुचवलेलं नाव म्हणजे चौकशीची सुरुवात, ती जात त्या भागात आणि त्या महिन्यात असते का हे तपासल्याशिवाय वहीत जाऊ द्यायचं नाही. झिजलेल्या ऍगोनोप्टेरिक्स या मायक्रो मॉथच्या वंशासारख्या काही मंडळींची जात प्रयोगशाळेत जननेंद्रियं तपासल्याशिवाय ठरतच नाही, तिथे "हेराक्लियाना गट" असं गटाचं नाव लिहून मोकळं व्हा. गटाची बरोबर नोंद ही जातीच्या चुकीच्या नोंदीपेक्षा कितीतरी बरी, कारण चुकीची नोंद एकदा डेटाबेसमध्ये गेली की ती काढायला दुसऱ्या कोणाचे तरी तास जातात.

नोंद लिहिताना

कोणी, काय, कुठे, कधी, हे चार प्रश्न सुटले की नोंद उभी राहते. त्यातल्या "कधी"मध्ये सगळ्यात जास्त घोळ होतात. ट्रॅप 12 मार्चला संध्याकाळी लावला आणि 13 ला सकाळी उघडला, तर तारीख कुठली? रूढ पद्धत अशी की ज्या संध्याकाळी लावला ती, म्हणजे 12. वहीत 12/13 मार्च असं लिहिलं तर शंकाच उरत नाही, स्प्रेडशीटमध्ये एकच तारीख जाते म्हणून पहिली टाका आणि वर्षभर तेच पाळा. रात्री कुठल्याशा वेळी भिंतीवर दिसलेल्यालाही त्याच रात्रीची तारीख.

"कुठे" म्हणजे गावाचं नाव नाही. फोनवरून अक्षांश-रेखांश घ्या, किंवा तुमच्याकडे ग्रिड रेफरन्सची (नकाशावरच्या चौकटीच्या क्रमांकाची) पद्धत असेल तर तो, आणि शेजारी जागेचं नाव, म्हणजे आकडा टाइप करताना चुकला तर नावावरून पकडता येतो. समुद्रात पडलेले मॉथ डेटाबेसमध्ये बरेच असतात, सगळे टायपिंगचे बळी.

संख्या नेहमी आकड्यात. "बरेच", "खूप", "थोडे" असं लिहिलं की ती नोंद पुढे मोजणीत वापरता येत नाही. अवस्था लिहा, बहुतेक वेळा प्रौढच, खात्री असेल तिथे नर-मादी, आणि पद्धत, दिव्याच्या प्रकारासकट.

आता रात्रीची नोंद, जी लोक हमखास गाळतात. माझ्या स्प्रेडशीटमध्ये दोन पानं आहेत, एक मॉथचं आणि एक रात्रींचं. रात्रींच्या पानावर ट्रॅप लावलेली प्रत्येक रात्र एका ओळीत, दिवा कधी लागला कधी बंद झाला, दिवेलागणीचं तापमान आणि रात्रीचं किमान, ढग, वारा, पाऊस, चंद्र, ठ की ह, आणि एकूण मॉथ. किमान तापमान दाखवणारा साधा थर्मामीटर ट्रॅपपासून जरा लांब टांगायचा, दिव्याच्या उष्णतेत नको. एकही मॉथ आला नाही तरी ओळ लिहायची आणि एकूणच्या रकान्यात 0. रकाना रिकामा सोडलात तर वर्षभराने ते शून्य होतं की लिहायचं राहिलं हे कळत नाही, आणि या दिवसांत शून्याच्या रात्री इतक्या असतात की त्या गाळल्या तर सरासरी हवेतच जाते.

याचा उपयोग कुठे होतो ते सांगतो. समजा यंदा पहिला हिब्रू कॅरेक्टर 3 मार्चला मिळाला आणि गेल्या वर्षी 15 ला. लगेच "बारा दिवस लवकर आला" असं लिहायचा मोह होतो. पण गेल्या वर्षी 15 च्या आधी ट्रॅप किती रात्री लावला होता? एकदाही नसेल तर त्या फरकाला काही अर्थ नाही. रात्रींचं पान असेल तरच याचं उत्तर देता येतं. आणि तसंही पहिल्या तारखेपेक्षा सर्वाधिक संख्येचा आठवडा जास्त भरवशाचा, एखादा चुकार मॉथ लवकर निघू शकतो, सगळी जमात नाही.

सोडताना आणि पाठवताना

मोजून झालेले मॉथ दाट झुडपाच्या बुडाशी किंवा पालापाचोळ्यात, पक्ष्यांच्या नजरेआड ठेवा, आणि रोज जागा बदला. गारठलेला मॉथ हवेत फेकायचा नाही, तो सरळ खाली पडतो. लागोपाठच्या रात्री ट्रॅप लावणार असाल तर जरा लांब नेऊन सोडा, नाहीतर तेच मॉथ परत येतात आणि दोनदा मोजले जातात. माझा कल एका रात्रीआड लावण्याकडे, त्यांनाही खाण्या-जुळण्याला रात्र मिळायला हवी, आणि थंडीत त्यांच्याकडे तशा रात्री आधीच कमी असतात.

वहीतलं त्याच दिवशी स्प्रेडशीटमध्ये टाका, आठवडा गेला की स्वतःचंच अक्षर लागत नाही. शास्त्रीय नाव आणि प्रचलित नाव दोन्ही ठेवा. मग नोंदी पाठवा, ब्रिटनमध्ये बटरफ्लाय कन्झर्व्हेशन या संस्थेने 2007 मध्ये सुरू केलेली राष्ट्रीय मॉथ नोंद योजना आहे, तिथे प्रत्येक भागाचा तपासनीस नोंदी बघतो, इतरत्र आयनॅचरलिस्टसारखी वेबसाइट कुठूनही वापरता येते. तपासनीसाने फोटो मागितला तर राग मानू नका, ती जात त्या तारखेला तिथे दुर्मिळ आहे इतकाच त्याचा अर्थ. फोटोच्या फाइलला तारीख आणि डबीचा नंबर देऊन ठेवलात तर दोन मिनिटांत पाठवता येतो. आणि पाठवताना रात्रींचं पानही सोबत जोडता येतं का ते विचारा, सगळीकडे त्याची सोय नसते, पण जिथे असते तिथे तुमच्या शून्याच्या रात्रीही मोजल्या जातात.